कालिंदीवन्संचं कपाट

कालिंदीवन्संना कुणाचा हेवा वाटला की त्यांचं जेवण कमी व्हायचं. भांडायच्या नाहीत, टाकून बोलायच्या नाहीत, नुसतं ताट पुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "वहिनी, आज पोट जड आहे." ज्या साली वृंदा गोगटे कलकत्त्याला आली, ते सबंध साल त्यांचं पोट जड होतं.

वन्सं म्हणजे ह्यांच्या पाठची बहीण, तुझी आत्याआजी. जन्म कलकत्त्याचाच. बंगाली इतकं सफाईनं बोलायच्या की भाजीवाला मला विचारायचा, ह्या दीदी तुमच्याकडे भाड्यानं राहतात का? लग्न काही जुळलं नाही. एकदा कुणी नागपूरचे बघायला आले होते, तर ह्यांनीच त्या मुलाला इतके प्रश्न विचारले की तो पोहे अर्धे टाकून उठला. मग वन्सं पुढे शिकल्या आणि विद्यापीठात मास्तर तयार करायचा जो विभाग असतो ना, तिथल्या लायब्ररीत लागल्या. दुसऱ्या नंबरवर. वरचे साहेब रिटायर झाले की नवे साहेब यायचे आणि वन्सं होत्या तिथेच. घरात तरी वेगळं काय होतं? स्वयंपाकघर माझं, देवघर सासूबाईंचं, बाहेरची खोली ह्यांची. वन्संची म्हणून एक ट्रंक होती, तीसुद्धा पलंगाखाली.

बांगलादेशची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. विभागाचे मुख्य होते शरच्चंद्रबाबू, धोतराचा सोगा सावरत चालणारे, सदा पानानं तोंड भरलेलं. त्यांनी वन्संना बोलावून घेतलं. म्हणाले, नवा वर्ग काढतोय, आंधळ्या, बहिऱ्या आणि मंद मुलांना शिकवणाऱ्या मास्तरांचा. मास्तर मिळतील, पण त्यांना वाचायला पुस्तक एक नाही. तुम्ही संग्रह उभा करा. दिल्लीची माणसं बघायला येतील, त्यांना पसंत पडला तर ह्या संग्रहाची वेगळी ग्रंथपालाची जागा मंजूर करून घेऊ.

"म्हणजे कुणाच्या हाताखाली नाही?" वन्संनी विचारलं.

"फक्त माझ्या," शरच्चंद्रबाबू म्हणाले. "आणि मी पुस्तकांना हात लावत नाही, पानाचे डाग पडतात."

त्या दिवशी वन्संनी पोटभर वरणभात खाल्ला आणि परत मागून घेतला.

मग काय कष्ट केले त्या बाईनं. ट्रामच्या दांड्याला लोंबकळत बहिऱ्यांच्या शाळेत जायचं आणि त्यांचे जुने अहवाल मागून आणायचे. विलायतेला पत्रं धाडायची की तुमच्याकडे जुनी झालेली पुस्तकं असतील तर आम्हाला द्या. खिदिरपूरला बोट लागली की लाकडी पेट्या यायच्या, त्या उघडताना स्वतः खिळे उपसायच्या, पदरानं पुस्तकाची धूळ पुसायच्या. आणि एक भांडण तर त्यांनी मोठ्या लायब्ररीशी केलं. तिथे आंधळ्यांना कसं शिकवावं ह्याची जी चार जुनी पुस्तकं होती ती रोगांच्या कपाटात ठेवलेली, देवी आणि पटकीच्या शेजारी. वन्सं म्हणाल्या, हे मूल आजारी नाही, ते शाळेत जाणार आहे, पुस्तक शाळेच्या कपाटात पाहिजे. वरचे साहेब म्हणाले, असंच चालत आलंय. वन्संनी रोज जाऊन त्यांच्या टेबलासमोर उभं राहायचं व्रत घेतलं म्हणे, शेवटी साहेबांनी कंटाळून सही केली. खिडकीजवळची दोन काचेची कपाटं त्यांना मिळाली. किल्ली कनवटीला. घरी येऊन सासूबाईंना सांगायच्या, "माझ्या कपाटात आज अमुक आलं." माझ्या, हा शब्द त्या जरा थांबून म्हणायच्या.

आणि तेवढ्यात ही वृंदा.

वृंदाचे यजमान बँकेतले, पुण्याहून बदली होऊन आलेले. बाई गोरी, हसरी, बोलायला मोकळी, आल्याबरोबर आपल्या मराठी मंडळातल्या सगळ्या बायकांची झाली. तिचा मोठा भाऊ लहानपणापासून आंधळा होता. त्याला वाचून दाखवत, त्याच्याबरोबर ठिपक्यांची लिपी शिकत ती वाढलेली. शरच्चंद्रबाबूंचा नवा वर्ग निघतोय असं कुणाकडून कळलं, तशी ती सरळ विभागात जाऊन उभी राहिली. पगार नको, चहा द्या म्हणाली.

वन्संनी तिला कपाटं दाखवली. एकेक पुस्तक काढून, हे लंडनचं, हे बोस्टनचं. वृंदानं सगळं बघितलं, खरंच कौतुक केलं, आणि मग म्हणाली, "ताई, पण ह्यात हातांनी वाचायचं काय आहे? तुमच्या वर्गात आंधळे मास्तरही येणार ना?"

वन्संनी आंधळ्यांबद्दलची पुस्तकं जमवली होती, आंधळ्यांना वाचता येईल असं एक नव्हतं. खरं होतं, म्हणून तर लागलं. घरी येऊन म्हणाल्या, "वहिनी, पोट जड आहे."

मग संक्रांत आली. हळदीकुंकवाला बायका वाण लुटतात, कुणी प्लास्टिकची वाटी देतं, कुणी आरसा, कुणी कुंकवाची डबी. वृंदानं सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं, यंदा मला वाण नको, प्रत्येकीनं एकेक पान करून आणा. जाड पुठ्ठा घ्या आणि त्यावर डिंकानं काहीतरी असं चिकटवा की डोळे मिटून हाताला कळलं पाहिजे. अगं, काय हौस आली बायकांना. मालती प्रधाननं मखमलीचं पिंपळपान केलं. कुणी वाळू लावून समुद्र केला. मी तुरीच्या डाळीचं घर केलं, कौलं मसूरडाळीची. वृंदानं स्वतः गंगेचा नकाशा केला, तागाच्या सुतळीची नदी आणि गावागावाला साबुदाणा, आणि प्रत्येक पानाखाली टोचणीनं ठिपके टोचून नावं लिहिली. ते लिहिणं उलटं असतं हो, उजवीकडून डावीकडे टोचत जायचं आणि कागद फिरवला की मागच्या अंगाला अक्षर उठतं. बायका तोंडात बोट घालून बघत होत्या.

वन्सं तिथे नव्हत्या. सवाष्णींच्या हळदीकुंकवाला बिनलग्नाच्या बाईला कोण बोलावतं? मी घरी येऊन सगळं कौतुकानं सांगत बसले, मला मेलीला कळलंच नाही. वन्सं बटाटे सोलत होत्या. सालं जाड जाड निघायला लागली.

पानं लोकरीनं शिवून त्यांची जाडजूड पुस्तकं झाली आणि वृंदानं ती वन्संच्या कपाटात आणून ठेवली. आत एक चिठ्ठी डकवलेली, "भेट, सौ. वृंदा गोगटे आणि मैत्रिणी." लायब्ररीचा रिवाजच आहे तसा, भेट देणाऱ्याचं नाव लागतं.

नव्या वर्गात लीना सरकार नावाची एक मुलगी होती. डमडमहून लोकलनं सियालदहला यायची, तिथून काठी टेकत ट्रामनं. आंधळी, पण चालायची अशी ताठ. ती रोज दुपारी यायची आणि त्याच पुस्तकांवर हात फिरवत बसायची. वर्गातल्या पोरी म्हणायच्या, लीना कुठाय? तर "वृंदादीर आलमारी", म्हणजे वृंदाताईंच्या कपाटापाशी.

वृंदाताईंचं कपाट! किल्ली कनवटीला कुणाच्या, खिळे उपसले कुणी, साहेबासमोर उभं राहून पाय कुणाचे सुजले?

त्यात शरच्चंद्रबाबूंनी एक दिवस पान चघळत सहज म्हटलं, "दिल्लीची मंडळी पुढच्या महिन्यात येतायत. जागा मंजूर झाली तर वृंदादेवींना विचारून बघावं का? मानद म्हणून." गमतीनं म्हणाले का खरं, देव जाणे. वन्संच्या अंगाचा तिळपापड झाला.

आता पुढे काय झालं ते नीट लिही. वन्संच्या मनात त्या पुस्तकांचं वाईट करायचं नव्हतं, हे मी देवापुढे सांगेन. लोकर उसवायला लागली होती, पानं लोंबत होती, हे खरं. आणि लायब्ररीत अशी सैल पुस्तकं आली की ती दप्तऱ्याकडे जातात. दप्तरी म्हणजे पुस्तकं बांधणारा, सियालदहच्या अंगाला त्यांची गल्लीच आहे. तो नवी शिलाई घालतो, काळं रेक्झिन चढवतो, पाठीवर सोनेरी अक्षरं उठवतो. वर्षानुवर्षं वन्सं हेच करत आलेल्या. पण हेही खरं, की नवी बांधणी झाली की आतलं पहिलं पान बदलतं आणि त्यावरची चिठ्ठी त्याबरोबर जाते. परत चिकटवायची तर कुणीतरी आठवणीनं चिकटवावी लागते. काळ्या रेक्झिनमध्ये, विद्यापीठाचा शिक्का मारलेली, त्यांच्या हातच्या नंबराची पुस्तकं त्यांना डोळ्यांसमोर दिसायला लागली. ती कुणाची म्हणणार? कपाटवालीची.

दप्तऱ्यानं काम चोख केलं. अगदी चोख. शिलाई घातली, डिंक लावला, आणि मग रिवाजाप्रमाणे सगळा गठ्ठा दोन लोखंडी पाट्यांमध्ये घातला, वरचं चाक आवळलं आणि ठेवला वाळत.

परत आली तेव्हा पुस्तकं अशी सुबक दिसत होती की विलायतेची वाटावीत. वन्संनी एकेक काचेमागे लावलं, पाठीवरची सोनेरी अक्षरं एका रेषेत आणली. मागे उभं राहून बघितलं. आत उघडून बघावं असं मनातच आलं नाही. पुस्तकाला आत काय व्हायचंय?

दुपारी लीना आली. नेहमीसारखी बसली, वन्संनी पुस्तक पुढ्यात ठेवलं. तिनं हात फिरवला. पान उलटलं, परत फिरवला. मग म्हणाली, "कालिंदीदी, हे कुठलं पुस्तक? कोरं आहे."

वन्संनी वाकून बघितलं. साबुदाण्याचा भुगा झाला होता. सुतळी चपटी होऊन पुठ्ठ्यात रुतली होती. ठिपके तर कुठेच नव्हते, कागद इस्त्री केल्यासारखा गुळगुळीत. पिंपळपानाची मखमल अशी बसली होती की रंगवलेली वाटावी.

"हे नवीन आहे," वन्सं म्हणाल्या. "अजून व्हायचंय."

"अच्छा," लीना म्हणाली. "मग मी थांबते. झालं की सांगा." आणि काठी शोधत उठली.

असं बोलून गेल्या खऱ्या, पण ते त्यांना लागून राहिलं. तिनं शंकासुद्धा घेतली नाही ना. घरी आल्या त्या ताटावर बसल्याच नाहीत. मी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं, रडल्या नाहीत, भराभरा बोलल्या. मी म्हटलं, "वृंदाला सांगा. ती करेल परत."

"तिला?" वन्सं म्हणाल्या. "वहिनी, मी तिला जाऊन सांगू की तुझी पुस्तकं मी चिरडली? मग ती हसेल. नाहीतर हसणार नाही, ते त्याहून वाईट."

आणि मग हळूच म्हणाल्या, "दिल्लीची माणसं डोळस आहेत. ती काचेतून बघणार."

मी त्यांचं ताट झाकून ठेवलं. जागा त्यांची जात होती.

दिल्लीची माणसं आली तो दिवस उकाड्याचा. वीज गेलेली, पंखे बंद, शरच्चंद्रबाबू पुठ्ठ्यानं पाहुण्यांना वारा घालतायत. वन्संनी ती जांभळ्या काठाची ढाकाई नेसली होती, किल्ली मुद्दाम बाहेर दिसेल अशी. पाहुण्यांनी लंडनचं बघितलं, बोस्टनचं बघितलं. रोगांच्या कपाटाची गोष्ट शरच्चंद्रबाबूंनी सांगितली तेव्हा तर एक चष्मेवाल्या बाई होत्या, त्या वन्संचा हात धरून म्हणाल्या, आमच्या दिल्लीत ही पुस्तकं अजून रोगांतच आहेत. वन्सं फुलल्या. आणि मग त्या बाईंची नजर काळ्या पुस्तकांवर गेली. "ही काय सुंदर बांधणी," त्या म्हणाल्या. "ही हातानं वाचायची ना? कुणी केली?"

नेमकी त्याच वेळी वृंदा आत आली. तिला शरच्चंद्रबाबूंनी बोलावलं होतं, वन्संना माहीतच नव्हतं. वृंदानं काळ्या पुस्तकांकडे बघितलं, जाडीवरून एक ओळखीचं वाटलं म्हणून काढलं, उघडलं, आणि तिचा हात आपोआप पानावरून फिरला. लहानपणापासूनची सवय ती. हात मध्येच थांबला.

वन्संना वाटलं, आता. आता ही बोलणार आणि मी संपले.

वृंदानं पुस्तक मिटलं. हसून म्हणाली, "ही लायब्ररीची. कालिंदीताईंनी बांधून घेतलीत. आतलं काम अजून चाललंय, म्हणून आज उघडत नाही." आणि पुस्तक जागेवर ठेवून दिलं, पाठ रेषेत आणून. पाहुणे पुढच्या कपाटाकडे वळले.

जाताना ती वन्संच्या जवळून गेली. हळूच मराठीत म्हणाली, "ताई, मंगळवारी येते. घरून कात्री आणा, इथली बोथट आहे."

बस. एवढंच. ना राग, ना टोमणा.

तू म्हणशील, मग वन्संना बरं वाटलं असेल. छे. त्या दिवशी जितक्या जळल्या तितक्या उभ्या जन्मात जळल्या नसतील. शरच्चंद्रबाबू संध्याकाळी सांगून गेले की मंडळी खूश आहेत, जागा तुमचीच समजा. मी शिरा करायला घेतला, तर वन्सं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या.

"करू नका," म्हणाल्या.

"का हो? जागा मिळाली ना?"

"तिनं दिली."

"दिल्लीवाल्यांनी दिली."

"वहिनी, तिनं दिली. माझ्यासमोर झाकलं आणि दिली. नकाशा तिनं केला, नाव तिचं झालं, आणि आता मोठेपणाही तिचाच? एवढं तरी मला ठेवायचं होतं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "ती आता आयुष्यभर माझ्याशी चांगली वागणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी विभाग उघडायच्या आत त्या शरच्चंद्रबाबूंच्या दारात. सगळं सांगितलं. दप्तरी, लोखंडी पाट्या, उडालेली चिठ्ठी, लीनाला मारलेली थाप, सगळं.

शरच्चंद्रबाबू पान खायचे थांबले. म्हणाले, "मंडळी गेली. वृंदादेवी काही बोलल्या नाहीत. मग तुम्ही मला हे का सांगताय?"

"त्या बोलल्या नाहीत म्हणूनच."

बाबूंना ते काही समजलं नाही. त्यांना वाटलं, किती सरळ बाई आहे. पण मी ओळखून होते. वृंदानं पदराखाली घेतलेलं वन्संना सोसवत नव्हतं, त्यापेक्षा उघड्यावर उभं राहिलेलं बरं.

बाबूंनी दिल्लीला कळवलं, कळवणं भागच होतं. तिकडून आलं ते असं, की जागा मंजूर, बाई चालतील, पण पहिलं वर्ष तात्पुरती. हातानं वाचायची पुस्तकं परत झाली आणि कुणा आंधळ्या वाचणाऱ्यानं ती वाचून बरी म्हटली, तरच कायम. म्हणजे आता वन्संची जागा लीनाच्या बोटांवर आली.

वन्सं आधी तिच्याकडे गेल्या. लीना जिन्याजवळच्या बाकावर बसली होती. "मी तुला खोटं बोलले," म्हणाल्या. "ते पुस्तक नवीन नव्हतं. ते वृंदाचंच, माझ्यामुळे दाबलं गेलं."

लीनानं काठी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मला वाटलं होतं. माझ्या ओळखीच्या डिंकाचा वास होता त्याला."

मंगळवारी वृंदा आली. वन्संनी कात्री नेली होती, डिंक, पुठ्ठा, सुतळी सगळं पदरचं. वृंदा म्हणाली, पहिल्यांदा गंगा करू या, दोघी दोन करू, म्हणजे एक प्रत जास्त होईल. दोघी खिडकीशी समोरासमोर बसल्या. वृंदा गप्पा मारत होती, भावाच्या गमती सांगत होती. वन्सं नुसतं हं हं करत होत्या आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तिची सुतळी कशी वळते ते बघत होत्या. ठिपके टोचायलाही शिकल्या, वृंदाकडून नाही, लीनाकडून. उलट्या बाजूनं टोचताना पहिली दहा पानं फुकट गेली, पण वृंदाकडे मदत मागितली नाही.

मग वृंदा दर गुरुवारी यायला लागली. पुढच्या खेपेला डिंक वाळला होता. पुस्तकं दबल्यापासून लीनाचं रोजचं येणं बंद होतं, म्हणून तिला बोलावलं. दोन्ही नकाशे तिच्यापुढे ठेवले, कुणाचा कुठला ते सांगितलं नाही. तिनं डाव्यावर हात ठेवला, हिमालयापासून खाली आली, वळणावळणानं, आणि हसली. "हे छान आहे. हा हावडा, हा पूल, इथे मी दर महिन्याला जाते."

मग उजवा. बोटं खाली आली, थांबली, मागे गेली, परत खाली. "ह्यात नदी आहे," ती म्हणाली, "पण दोन धाग्यांत कुठला गंगेचा ते कळत नाही. मी हरवले."

वृंदानं तोंड उघडलं, "अगं, तो खरं तर..."

"तो माझा," वन्सं म्हणाल्या. "हिचं काही ऐकू नकोस. हरवलीस ती माझ्या नदीत."

"ताई, सुतळीचा पीळ सुटून धागे वेगळे झालेत एवढंच," वृंदा म्हणाली. "द्या, मी दाखवते."

"तू तुझं बघ."

वन्संनी तो नकाशा पुढ्यात ओढला, नखानं सुतळी उचकटली, सुरीनं वाळलेला डिंक खरवडायला लागल्या. लीना काठी घेऊन उठली तशी त्यांनी मान वर न करता विचारलं, "परत कधी येणार?"

"गुरुवारी. वृंदादी पण गुरुवारीच येतात ना?"

"म्हणून तर म्हणते," वन्सं म्हणाल्या. "तू बुधवारी ये."